घरची भट्टी आणि घरचे आरोग्य

आपल्या खानापूर भागातील ख्रिस्ती घरांत केक-बिस्किटे करणे हे बायकांचे काम आणि तेही बहुधा नाताळाच्या आधीच्या आठवड्यातले. आमच्या घरी मात्र उलटे आहे. घरधनी तरुणपणी गोव्यात एका पोदेराच्या भट्टीवर अकरा वर्षे कामाला होते. वडील थकल्यावर शेती पाहण्यासाठी ते गावी परत आले, पण हातातली कला काही गोव्यात ठेवून आले नाहीत. परसात विटा आणि चिखलाची घुमटाकार भट्टी बांधली, आणि गेली वीस वर्षे माझा संसार भातशेती, काजू आणि पिठाचे हात असलेल्या नवऱ्यासह चालला आहे. भगिनींनो, यात सुख किती आणि काळजी किती, ते लिहिते.

शनिवारी संध्याकाळी जेवणे झाली की हे परात घेऊन बसतात. गव्हाचा फुगीर पाव पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात गोव्यात आला. तेव्हा तेथे खमीर मिळेना, म्हणून माडाची ताजी सूर घालून पीठ फुगवू लागले. आमच्याकडे सूर कोठून आणणार? म्हणून हे मागच्या खेपेच्या पिठाचा गोळा झाकून ठेवतात आणि तोच नव्या पिठात मळतात. तो आंबला नाही, तर बाजारातले कोरडे खमीर चिमूटभर. संध्याकाळी गुत्त्याकडे जाणाऱ्या माणसापेक्षा पिठात कोपरापर्यंत हात घातलेला माणूस घरात असलेला बरा, असे माझे मत आहे.

रविवारी मिस्साहून आल्यावर भट्टी पेटते. काजूची वाळकी फांदी आणि नारळाची सोडणे आतच जाळायची. घुमट चांगला तापला की निखारे बाहेर ओढायचे आणि तळ ओल्या फडक्याने पुसायचा. मग चिमूटभर पीठ आत टाकायचे. ते लगेच काळे झाले तर भट्टी फार तापली आहे, थांबायचे. हळूहळू तांबूस झाले तर पाव आत जाऊ द्यायचे. पाव निघाल्यावर उरलेल्या उष्णतेत रवा-खोबऱ्याचा बात, त्यानंतर बिस्किटे आणि शेवटी कालच्या पावांचे काप वाळवायला. एकदा घातलेल्या जळणावर दुपार निघते. राख मी केळीच्या आणि माडाच्या बुंध्याशी घालते, तिच्यात पालाश असते. मात्र कोंबडखतात किंवा युरियात राख मिसळू नये. नत्र अमोनियाच्या रूपाने हवेत उडून जाते.

धुराचे काय, असे कोणी विचारील. भट्टी परसात उघड्यावर आहे, ही पहिली चांगली गोष्ट. बेबिंकेचे मात्र तसे नाही. तिचा एकेक थर वरून आच देऊन भाजावा लागतो. एक भाजला की त्यावर दुसरा ओतायचा. पूर्वी हे झाकणावर निखारे ठेवून ते काम स्वयंपाकघरातच करीत आणि पाऊस असला की दारही लोटून घेत. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. डोके दुखू लागते, गरगरते, आणि बंद खोलीत माणूस झोपल्या जागी जाऊ शकतो. आता निखाऱ्यांचे काम पडवीतच होते, पाऊस असो वा नसो.

खरी काळजी मात्र वेगळीच निघाली. दोन वर्षांपूर्वी गावातल्या तपासणी शिबिरात यांची उपाशीपोटीची साखर 148 आली. 126 किंवा त्याहून अधिक आली की फेरतपासणी करतात. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी केली, ती 7.6 निघाली, 6.5 पासून पुढे मधुमेह समजतात. हे म्हणाले, “मी कुठे गोड खातो? चव तेवढी बघतो.” डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारले, “चव किती वेळा बघता?” यांनी उत्तर दिले नाही, छताकडे पाहिले.

घरी येऊन मी हिशेब मांडला. आमच्या बेबिंकेला अर्धा किलो साखर, बारा अंड्यांचे पिवळे, दोन नारळांचा रस, पाव किलो मैदा आणि जवळजवळ तेवढेच तूप लागते. तिचे वीस तुकडे केले तर प्रत्येकात 25 ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितले आहे की, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावी आणि पाच टक्क्यांच्या आत ठेवली तर अधिक चांगले. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला सुमारे 25 ग्रॅम. एका तुकड्यात दिवस संपला! चहा अजून धरलाच नाही.

भट्टी मोडून टाका, असे सांगणारे नातेवाईक भेटले. मला ते पटले नाही. या माणसाला पिठापासून तोडले तर गोळ्या देऊनही तो बरा राहायचा नाही. गूळ घाला, असेही पुष्कळांनी सुचवले. गुळात लोहाचा थोडा अंश असेल, पण तो आहे बहुतेक साखरच. रक्तातली साखर त्यानेही चढते. मधाचेही तेच.

आम्ही असे ठरवले: पाव दर रविवारी, गोड महिन्यातून एकदा, आणि बेबिंका फक्त नाताळाला आणि गावच्या फेस्ताला. चव बघायचे काम सासूबाईंकडे. त्यांची साखर ठीक आहे आणि जीभ यांच्यापेक्षा तिखट. पावात आता निम्मे पीठ कोंड्यासकट असते, कधी आपल्या भागातला खपली गहूही घालतो. खपलीचा चिकटा कमी, म्हणून पाव घट्ट होतो. यांना सुरुवातीला ते अपमानासारखे वाटले. कोंड्याचा पाव झाला तरी तो साखर वाढवतोच, फक्त सावकाश. म्हणून एकच पाव, सोबत अळसांद्याची उसळ किंवा अंडे, आणि नंतर बांधावरून एक फेरी. डॉक्टरीणबाईंची गोळी चालूच आहे; ती आपल्या मनाने बंद करायची नसते. गेल्या तपासणीत सरासरी 6.9 आली.

माझाही यात थोडा फायदा झाला, तोही सांगते. अंडी माझ्या कोंबड्यांची आणि त्यांचे पैसे माझे. पूर्वी दर रविवारी दोन डझन पिठात जात. आता ती आठवडी बाजारात जातात, आणि त्यातून पिल्लांना मानमोडीची लस वेळेवर टोचता येते.

सध्या यांनी नाचणीचा ध्यास घेतला आहे. नाचणीत चिकटा अजिबात नसतो, म्हणून निम्मे पीठ घातले तेव्हा पाव हातातच भुगा झाला. चौथा हिस्सा घातला तेव्हा फुगला, पण रंग पाहून नातवंडांनी तोंड फिरवले. परवा त्यांनी तीळ लावून पाहिले. निम्मे पाव संपले, उरलेल्यांचे काप वाळवून डब्यात भरले आहेत.