राहिलेला पेपर

पहिलं सत्र संपत आलं की पुण्यातल्या बहुतेक कॉलेजांच्या स्टाफरूमबाहेर एखादा मुलगा किंवा मुलगी घुटमळताना दिसते. हातात डॉक्टरांच्या सर्टिफिकेटची घडी असते. ‘सर, माझी चाचणी राहिली. पुन्हा घ्याल का?’ आतून उत्तर येतं, ‘मी फेरपरीक्षा घेत नसतो.’ इथून वादाला तोंड फुटतं. मुलाला वाटतं, हा सरळसरळ अन्याय आहे. सरांना वाटतं, एकाला दार उघडलं की उद्या अख्खा वर्ग सर्टिफिकेटं घेऊन उभा राहील. गंमत म्हणजे या भांडणात दोघांकडेही थोडं थोडं खरं असतं.

हा वाद समजून घ्यायचा तर आधी एक गोष्ट वेगळी काढायला हवी. ‘पुन्हा परीक्षा’ या एकाच शब्दाखाली आपण दोन अगदी निराळ्या गोष्टी कोंबतो. पहिली, नापास झालेल्याची पुन्हा परीक्षा. आपल्याकडे तिची जुनी वहिवाट आहे. दहावी-बारावीची ‘ऑक्टोबरची वारी’ कितीतरी घरांनी केली. दहावीची ही वारी २०१५ पासून जुलैवर आली, म्हणजे त्याच वर्षी पुढच्या वर्गात जाता येऊ लागलं. कॉलेजात ‘एटीकेटी’ असते. ‘अलाउड टू कीप टर्म्स’चं हे लघुरूप. काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसा आणि मागचे सोडवत चला, असा त्याचा अर्थ. मुलांनी त्याची ‘केटी लागली’ करून टाकली. जणू एखादा ताप लागावा! पण इथे वाद फारसा होत नाही, कारण नियम छापील असतो. किती विषयांपर्यंत चालेल, फी किती, फॉर्म कधी भरायचा, हे सगळ्यांना सारखंच लागू असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे पेपरला बसताच न आलेल्याची परीक्षा. आजारपण, घरातला मृत्यू, अपघात, पावसाने बंद पडलेला रस्ता, आंतरमहाविद्यालयीन सामना. हा मुलगा नापास झालेला नसतो, त्याची परीक्षाच झालेली नसते. विद्यापीठाच्या मुख्य परीक्षेचं वेळापत्रक विद्यापीठ ठरवतं. मात्र कॉलेजात होणाऱ्या चाचण्या, प्रकल्प आणि तोंडी परीक्षा यांचं सगळं त्या त्या विषयाच्या शिक्षकाच्या हाती येतं. पूर्वी शंभरातल्या वीस गुणांचा हा मामला होता, पुढे अनेक अभ्यासक्रमांत तो तीसवर गेला. गुण वाढले तशी वादाची धारही वाढली.

आता सरांची बाजू पाहा. फेरपरीक्षा घ्यायची म्हणजे नवी प्रश्नपत्रिका काढायची. ती पहिलीपेक्षा सोपी झाली तर ठरल्या दिवशी पेपर दिलेल्यांवर अन्याय, अवघड झाली तर आजारातून उठलेल्यावर. शिवाय अंगात ताप असतानाही पेपर लिहून गेलेली एखादी मुलगी त्याच वर्गात बसलेली असते. ती उद्या विचारेल, ‘सर, मी आले हे माझं चुकलं का?’ या प्रश्नाला उत्तर देणं सोपं नाही. सर्टिफिकेट खरं की चाळीस रुपयांचं, हे ओळखण्याचं यंत्र स्टाफरूममध्ये नसतं. तेव्हा ‘कोणालाच नाही’ म्हणून टाकणं शिक्षकाला सोयीचं वाटतं, आणि वरवर पाहता ते समानही दिसतं.

दिसतं, पण असतं का? मी बी.ए.ला असताना आमच्या वर्गातल्या एका मित्राची गोष्ट सांगतो. चाचणी गुरुवारी होती. ईद बुधवारी असेल, असा सगळ्यांचा अंदाज. पण मंगळवारी संध्याकाळी चंद्र दिसला नाही आणि ईद गुरुवारी गेली. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि तेहतीसेक वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येते. शेवटचा एक दिवस तर आभाळच ठरवतं. शुक्रवारी मित्र सरांकडे गेला. म्हणाला, ‘सर, चंद्र दिसला नाही.’ सर हसून म्हणाले, ‘मग चंद्राचं सर्टिफिकेट आण.’ वर्गही हसला, तोही हसला. पण पुढच्याच आठवड्यात क्रिकेटच्या सामन्याला गेलेल्या तिघांची चाचणी पुन्हा झाली. तेव्हा तो परत गेला आणि एकच प्रश्न विचारला, ‘सर, नियम काय आहे?’ उत्तर मिळालं नाही. चाचणीचे गुण गेले, तो पास झाला, जग काही बुडालं नाही. आज तो मला गुणांविषयी काही बोलत नाही. तो प्रश्न मात्र त्याला अजून आठवतो.

त्या प्रश्नातच या विषयाचं मर्म आहे. नियम नसला की प्रत्येक ‘हो’ मेहेरबानी ठरतो आणि प्रत्येक ‘नाही’ अपमान ठरतो.

मग विद्यार्थ्याला यात हक्क किती? आपल्या न्यायालयांनी परीक्षांच्या बाबतीत शिक्षणसंस्थांना बराच मोकळा हात दिला आहे. यातला गाजलेला खटला आपल्या पुण्यातच मुख्यालय असलेल्या राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचाच. उत्तरपत्रिका पुन्हा तपासून मिळणार नाही, फक्त गुणांची पडताळणी होईल, असा मंडळाचा नियम होता. विद्यार्थी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. पण १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळाच्या बाजूने निकाल दिला. शैक्षणिक बाबतीत जाणकारांनी केलेल्या नियमांच्या जागी न्यायालयाने सहसा आपलं मत ठेवू नये, असा त्याचा आशय होता. विद्यार्थी हरले, प्रश्न मात्र मिटला नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच, तपासलेली स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क माहिती अधिकाराखाली मान्य केला. आज तेच मंडळ ठराविक मुदतीत शुल्क घेऊन उत्तरपत्रिकेची छायाप्रत देतं आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्जही स्वीकारतं.

राहून गेलेल्या पेपरची सगळ्यात मोठी कसोटी लागली ती करोनाच्या वर्षी. २०२० च्या उन्हाळ्यात महाराष्ट्र सरकारने अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याची भूमिका घेतली. विद्यापीठ अनुदान आयोगाने ६ जुलैला परीक्षा घ्याच, असं सांगितलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २८ ऑगस्टचा निकाल असा : साथीमुळे राज्यं मुदतवाढ मागू शकतात, पण परीक्षेशिवाय अंतिम वर्षाच्या मुलांना उत्तीर्ण करू शकत नाहीत. या गदारोळात आयोगाच्या सूचनांमधल्या एका कलमाकडे फार कमी लोकांचं लक्ष गेलं. कोणत्याही कारणाने अंतिम वर्षाची परीक्षा देता आली नाही, तर विद्यापीठाने शक्य होईल तेव्हा विशेष परीक्षा घेऊन त्या विद्यार्थ्याला संधी द्यावी, त्याचं नुकसान होऊ देऊ नये. ही तरतूद त्या एका वर्षापुरती होती. पुढे ऑक्टोबरमध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परीक्षा ऑनलाइन सुरू झाल्या, अनेकांची जोडणी मध्येच तुटली, आणि तांत्रिक अडचणीत सापडलेल्यांसाठी पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. हजारोंच्या संख्येत जे जमतं, ते साठ मुलांच्या वर्गात जमू नये, असं म्हणणं जरा कठीण आहे.

तरीही सरांनी ‘नाही’च म्हटलं, तर? स्टाफरूमबाहेर आवाज चढवून काही हाती लागत नाही. प्राचार्यांच्या दारात घोषणा देऊनही दहा गुण मिळत नाहीत. त्यासाठी एक कागदी वाट आहे आणि बऱ्याच मुलांना ती माहीतच नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. मूल्यमापनातली अपारदर्शक किंवा अन्याय्य पद्धत हा तक्रारीचा विषय होऊ शकतो. समितीने तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा. निर्णय पटला नाही तर पंधरा दिवसांत लोकपालाकडे अपील करता येतं, आणि लोकपालाने तीस दिवसांत ते निकाली काढायचं. नुसते गुण कमी पडले म्हणून फेरतपासणी मागितली, तर लोकपाल ऐकणार नाही. निकाल बदलून टाकणारी अनियमितता किंवा भेदभाव दाखवून द्यावा लागतो. म्हणून अर्जात ‘माझ्यावर दया करा’ असं लिहू नये. पेपर कोणत्या तारखेला होता, आपण का येऊ शकलो नाही, सरांना कधी कळवलं, पुरावा काय, याच वर्गात दुसऱ्या कोणाला संधी मिळाली का, एवढं नेमकं लिहावं. आणि पोच घ्यावी. पोच न घेतलेला अर्ज हा आपल्याकडे बहुतेक वेळा न दिलेला अर्ज असतो.

अर्थात सगळ्यात चांगली तक्रार म्हणजे जी करावीच लागत नाही ती. त्यासाठी सत्राच्या पहिल्याच तासाला शिक्षकाने फळ्यावर चार ओळी लिहिल्या तरी पुरे. कोणत्या कारणांसाठी पुन्हा चाचणी होईल. किती दिवसांत कळवायचं. पुरावा काय लागेल. सगळ्यांसाठी मिळून एकच दिवस कोणता. काही शिक्षक तीन चाचण्या घेऊन त्यातल्या उत्तम दोन धरतात. तिथे तर सर्टिफिकेटचा प्रश्नच निम्मा संपतो. ताप असूनही आलेल्या मुलीला त्यातून न्याय मिळतो, आणि ज्याचा चंद्र एक दिवस उशिरा दिसला त्यालाही.

नियम कडक असला तरी मुलं तो मानतात. आम्हीही मानले. आधी सांगितलेला आणि सगळ्यांना सारखा असलेला ‘नाही’ पचवायला जड जात नाही. माणसागणिक बदलणारा ‘नाही’ मात्र गुणपत्रिकेवर कुठेच दिसत नाही, आणि तीस वर्षांनीही पुसला जात नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)