सहा जणींचा निवाडा

माझी पुतणी गेली वीस वर्षं फ्लोरिडात, ओरलँडोजवळ राहते. मध्यंतरी एका रविवारी तिचा फोन आला. आईचे गुडघे, इकडचा उकाडा, तिकडची वादळं असं सगळं बोलून झाल्यावर ती जरा घुटमळली. म्हणाली, ''काका, मला ज्यूरीचं बोलावणं आलंय. नागरिकत्व घेतलं तेव्हाच ठाऊक होतं, कधीतरी येणार म्हणून. पण खुनाबिनाचा खटला वाट्याला आला तर काय करू हो? मी लॅबोरेटरीत काम करणारी बाई. कुणाला आत टाकायचं नि कुणाला सोडायचं, हे मी ठरवायचं?''

तिच्या घाबरण्याला कारण होतं. ओरलँडोच्या उत्तरेला, तिच्या घरापासून मोटारीनं तासाभराच्या आत, सॅनफर्ड नावाचं गाव आहे. तिथं २६ फेब्रुवारी २०१२ च्या संध्याकाळी पाऊस भुरभुरत होता. ट्रेव्हॉन मार्टिन हा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा दुकानातून गोळ्यांचं पाकीट आणि सरबताचा डबा घेऊन वडील उतरले होते त्या वसाहतीकडे परतत होता. वसाहतीच्या स्वयंसेवी राखणदारीत असलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या जॉर्ज झिमरमनला तो संशयास्पद वाटला. त्यानं पोलिसांना फोन केला. त्याच्या मागे जायची गरज नाही, असं पोलिसांच्या माणसानं त्याला सांगितलंही. पुढच्या काही मिनिटांत दोघांची झटापट झाली, एक गोळी सुटली आणि मुलगा गेला. त्याच्याजवळ शस्त्र नव्हतं.

झिमरमनच्या नाकाला आणि डोक्याच्या मागच्या बाजूला जखमा होत्या. मुलानं मला पाडलं, माझं डोकं फरशीवर आपटलं, जीव वाचवायला मी गोळी झाडली, असं त्याचं म्हणणं. दुसरी बाजू सांगायला मुलगा उरला नव्हता. दीड महिना झिमरमनला अटकसुद्धा झाली नाही. देशभर निदर्शनं झाली, खास सरकारी वकील नेमला गेला, तेव्हा खटला उभा राहिला. आणि १३ जुलै २०१३ रोजी सहा बायकांच्या ज्यूरीनं त्याला निर्दोष ठरवलं. फ्लोरिडात फाशीपात्र नसलेल्या खटल्यांना बारा नव्हे, सहाच ज्यूर असतात. या सहा जणींत कृष्णवर्णीय एकही नव्हती.

त्या निकालावर अमेरिका दुभंगली. एकीकडचे म्हणाले, पुरावा पाहून निकाल दिला, यात काय चुकलं? दुसरीकडचे म्हणाले, मुलगा गोरा आणि गोळी झाडणारा काळा असता तर हाच निकाल लागला असता काय? खुद्द अध्यक्ष ओबामांनी पत्रकारांसमोर येऊन सांगितलं, की पस्तीस वर्षांपूर्वी त्या मुलाच्या जागी मी असू शकलो असतो. 'ब्लॅक लाइव्हज मॅटर' ही घोषणाही त्याच महिन्यातली.

या सहा जणींना शिव्या देणं सोपं आहे. पण त्यांच्यासमोर कोणता प्रश्न ठेवला होता, तेही पाहायला हवं. घराबाहेर कुणी अंगावर आला आणि सुरक्षितपणे मागं सरणं शक्य असेल तर आधी मागं सरावं, नाइलाज झाला तरच जीवघेणं शस्त्र वापरावं, अशी जुनी रीत होती. फ्लोरिडानं २००५ मध्ये ती मोडली. जिथं असण्याचा तुम्हाला हक्क आहे तिथं पाय रोवून उभे राहा, मागं सरण्याचं बंधन नाही, असा कायदा झाला. झिमरमनच्या वकिलांनी त्यावर फारसा भर दिला नाही. आरोपी खाली दाबला गेला होता, पळणार कुठं, असा त्यांचा बचाव होता. तरी न्यायाधीशांनी ज्यूरीला दिलेल्या सूचनांमध्ये ते वाक्य होतंच.

त्याहून मोठी गोष्ट पुराव्याच्या ओझ्याची. हे स्वसंरक्षण नव्हतं, असं सरकार पक्षानं संशयापलीकडे सिद्ध करायचं. साक्षीदार अंधारातले, एक जण मेलेला. त्या क्षणी झिमरमनला वाटलेली भीती वाजवी नव्हती हे सिद्ध करायचं कसं? मुलाच्या मागे तो मुळात गेलाच का, हा तुमच्या-माझ्या मनातला प्रश्न. पण नुसतं मागं जाणं हा काही गुन्हा नव्हता. त्या सहा जणींपैकी एकीनं नंतर टीव्हीवर सांगितलं, की मनाला एक वाटत होतं, पण कायद्याच्या चौकटीत दोषी म्हणता येईना.

हे ऐकलं तेव्हा मला माझीच एक गोष्ट आठवली. बँकेत असताना एका खातेनिहाय चौकशीत मला चौकशी अधिकारी नेमलं होतं. कॅश कमी आली होती आणि ठपका कॅशियरवर होता. तो मटका खेळतो हे सगळ्या शाखेला ठाऊक. मी पोहोचलो तेव्हा चहाबरोबरच निकाल माझ्या हातात ठेवण्यात आला. तिजोरीला दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. नोंदवहीत रोजच्या दोन सह्या चोख. पण उलटतपासणीत निघालं, की दुसरे किल्लीवाले साहेब आपली किल्ली टेबलाच्या खणात ठेवून घरी जात. म्हणजे त्या तिजोरीला कुणीही हात लावू शकला असता. खातेनिहाय चौकशीत फौजदारी खटल्याइतका पक्का पुरावा लागत नाही, तरी माझी लेखणी पुढं जाईना. 'आरोप सिद्ध होत नाही' असं मी लिहिलं. त्या शाखेत नंतर कुणी मला चहा विचारला नाही. पैसे त्यानं घेतले होते की नाही, मला आजही माहीत नाही. 'सिद्ध झालं नाही' आणि 'केलं नाही' यांतलं अंतर मला त्या दिवशी कळलं.

मग ज्यूरी निर्दोष, सगळा दोष कायद्याचा, असं म्हणून मोकळं व्हावं का? तसंही नाही. आपल्याकडेच पाहा. मुंबई हायकोर्टात लोकमान्यांचे उद्गार संगमरवरावर कोरलेले आहेत. ते उद्गार ज्यूरीच्या निर्णयाला उद्देशून होते, हे आपण विसरतो. १८९७ च्या खटल्यात नऊ ज्यूरांपैकी सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी म्हटलं, तीन हिंदी ज्यूरांनी निर्दोष. १९०८ मध्ये सात युरोपियन एका बाजूला, दोन पारशी दुसऱ्या बाजूला. लेख मराठीतले, आणि त्यांतला राजद्रोह ठरवणार मराठी न जाणणारे! ज्यूरीत कोण बसतं यावर निकाल कसा फिरतो, हे आपल्याला कुणी अमेरिकेतून शिकवायला नको.

उलट उदाहरणही आपल्याच मुंबईचं. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातले कमांडर नानावटी यांनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या. झटापटीत पिस्तूल उडालं, असा बचाव होता. पण आहुजाच्या कमरेचा टॉवेल जागचा हललेला नव्हता! 'ब्लिट्झ' साप्ताहिकानं नानावटींची बाजू घेऊन रान उठवलं. ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतानं त्यांना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांनी तो निर्णय न स्वीकारता प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. तिथं जन्मठेप झाली आणि सुप्रीम कोर्टानं १९६१ मध्ये ती कायम केली. नानावटींमुळे आपल्याकडची ज्यूरी गेली असं म्हणतात, ते पूर्ण खरं नाही. विधि आयोगानं १९५८ मध्येच ती बंद करा म्हटलं होतं. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती उरली नाही.

आज आपल्याकडे न्यायाधीशाला कारणं लिहावी लागतात आणि त्यांवर अपील होतं. अमेरिकेत ज्यूरी कारण देत नाही, आणि तिनं निर्दोष म्हटलं की सरकारला वरचं दार बंद. स्वसंरक्षणाचा हक्क आपल्यालाही आहे. पूर्वी तो दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या ३४ ते ४४ मध्ये आहे. पण पोलिसांकडे जायला अवसर असेल तर तो हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. शिवाय स्वसंरक्षण होतं हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर, भले ती संशयापलीकडची नसो. पळून जाण्याचा भित्रेपणा कायदा आपल्याकडेही मागत नाही. पण हिशेब मागतो.

अमेरिकेतली गोष्ट मात्र सॅनफर्डला संपत नाही. जॉर्जियात फेब्रुवारी २०२० मध्ये अहमद आर्बरी हा कृष्णवर्णीय तरुण रस्त्यानं धावत असताना तीन गोऱ्यांनी गाड्यांतून त्याचा पाठलाग केला आणि एकानं त्याला गोळ्या घातल्या. इथंही बचाव स्वसंरक्षणाचा. बारा ज्यूरांत अकरा गोरे. निवडीत जाणूनबुजून भेदभाव झालेला दिसतो, असं न्यायाधीशच म्हणाले. तरी २४ नोव्हेंबर २०२१ रोजी त्याच ज्यूरीनं तिघांना खुनाबद्दल दोषी ठरवलं. कारण या वेळी तिघांपैकीच एकानं घेतलेलं चित्रीकरण समोर होतं. मेलेल्याची बाजू मांडायला काहीतरी उरलं होतं.

म्हणून मला वाटतं, माणसं नव्हे तर आधी प्रश्न तपासावा. 'वाजवी भीती' असं कायदा म्हणतो. पण कुणाची भीती वाजवी? भीती आपण जन्मताना आणत नाही, ती शिकतो. कुणाचं तोंड पाहून पर्स घट्ट धरायची, हे आपल्याला घरीदारी शिकवलेलं असतं. तीच शिकवण ज्यूरीच्या बाकावर येऊन बसते.

पुतणीला मी एवढंच म्हटलं होतं, ''अगं, तुला काय वाटतं ते बाजूला ठेव, काय सिद्ध झालं ते बघ. पण आधी तुला काय वाटतं ते नीट ओळख.''

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. खटला मारहाणीचा, आरोपी एक कृष्णवर्णीय तरुण. ज्यूर निवडताना वकील प्रश्न विचारत होते : घरी बंदूक आहे का, कधी चोरी झाली का. एकानं विचारलं, आरोपीकडे पाहून मनात काही येतं का? ती म्हणाली, ''मी खरं ते सांगितलं काका. रात्री पार्किंगमध्ये डोक्यावरून टोपडं ओढलेला असा मुलगा दिसला की माझा हात आपोआप गाडीच्या लॉकवर जातो. त्यांनी आभार मानून मला घरी पाठवलं.''

मग जरा थांबून म्हणाली, ''पण माझ्या शेजारच्यांनी 'काही नाही येत' म्हणून सांगितलं. ते आत बसले.''

यावर काय बोलावं मला सुचेना. म्हटलं, ''पुढच्या वेळीही खरंच सांग.''