पतंगाचा वेग आणि यंत्राची साक्ष

पतंग म्हटला कीं आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढें संक्रांतीची गच्ची, मांजा आणि काटाकाटी हेंच उभें राहतें. पतंगानें माणसास ओढीत न्यावें आणि त्या माणसानें पायांखालीं फळी घेऊन समुद्राच्या पाठीवरून धांवावें, हा खेळ आम्ही शाळेंत शिकवीत होतों तेव्हां ऐकिवांतही नव्हता. आज तो गोव्यांत मोरजीच्या किनाऱ्यावर खेळला जातो, आणि आमचा थोरला नातू गेल्या हिंवाळ्यांत तेथें जाऊन तो शिकून आला. घरीं येतांच त्यानें मनगटावरील घड्याळ आमच्यापुढें धरलें व म्हटलें, "आजोबा, ताशीं ७२ किलोमीटर!"

त्याच्या मित्राचा आंकडा ३८ होता. आपला आंकडा त्यानें साऱ्या मंडळींस कळविलाही होता. आम्हीं इतकेंच विचारलें, "अरे, हें घड्याळाला कसें कळलें?" या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत आमच्या दोन संध्याकाळी गेल्या. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांसही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवर जी. पी. एस.चे उपग्रह फिरत असतात. प्रत्येक उपग्रह आपलें स्थान व वेळ सांगणारा संदेश सतत पाठवितो. तो आपल्यापर्यंत पोंचण्यास सेकंदाचा सुमारें पंधरावा भाग लागतो. या विलंबावरून उपग्रहाचें अंतर निघतें, आणि अशा तीन अंतरांवरून स्थान ठरतें. परंतु कालमापनांत सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागाची चूक झाली तरी अंतरांत ३०० मीटरांची चूक होते. मनगटावरील साधें घड्याळ इतकें अचूक कोठून असणार? म्हणून त्याची चूक काढून टाकण्यासाठीं चौथ्या उपग्रहाची साक्ष घ्यावी लागते. एवढें करूनही स्थानांत कांहीं मीटरांचा फरक राहतोच.

वेग काढण्याच्या रीती दोन. पहिली सर्वांच्या परिचयाची, म्हणजे दोन स्थानांतील अंतरास काळानें भागणें. दुसरी अधिक सूक्ष्म आहे. आगगाडी जवळ येतांना तिची शिटी उंच स्वरांत ऐकूं येते व दूर जातांना तोच स्वर उतरतो. या परिणामाचें विवेचन ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ डॉप्लर यांनीं १८४२ सालीं केलें. उपग्रहाच्या लहरींतही असाच फरक पडतो, आणि त्यावरून वेग थेट काढतां येतो. स्थानांतील चूक यांत फारशी शिरत नसल्यामुळें वेगाची हौस असलेले खेळाडू याच रीतीचा आधार घेतात. शिवाय ते क्षणिक उच्चांकावर विसंबत नाहींत. दहा सेकंदांची सरासरी काढतात, किंवा अशा पांच उत्तम धांवांची सरासरी धरतात. एक सागरी मैल, म्हणजे १८५२ मीटर, अंतराची सरासरीही काढतात.

जागतिक विक्रमाची कसोटी याहून कडक आहे. १९७२ सालीं स्थापन झालेलें जागतिक नौकावेग विक्रम मंडळ ५०० मीटरांची सरासरी पाहतें. त्यासाठीं मंडळानें मान्य केलेली मोजणीच लागते. नामिबिया देशांतील ल्यूडेरित्स येथें जोराचा वारा असतो. तेथें या कामासाठीं उथळ पाण्याचा चरच खणलेला आहे. ३ ऑक्टोबर २००८ रोजीं सेबास्तियँ कातलाँ यानें तेथें ५०.२६ नॉट वेग गांठला. वाऱ्याच्या बळावर ५०० मीटरांत ५० नॉट ओलांडणारा तो पहिला. दुसऱ्याच दिवशीं अलेक्झांद्र केझर्ग यानें ५०.५७ नॉटांची नोंद केली. पुढें त्यानेंच २०१७ सालीं दक्षिण फ्रान्समध्यें ५७.९७ नॉट, म्हणजे ताशीं सुमारें १०७ किलोमीटर, वेग साधला.

आतां थोडें गणित करूं. ५०.२६ नॉट वेगानें ५०० मीटर जाण्यास १९.३४ सेकंद लागतात, आणि ५०.५७ नॉटनें १९.२२. म्हणजे दोन दिवसांतील त्या दोन विक्रमांत अंतर सेकंदाच्या सुमारें आठव्या भागाचें! अशा वेळीं केवळ स्थानांवरून अंतर काढलें, आणि दोन्ही टोंकांस तीन तीन मीटरांची चूक परस्परविरुद्ध बाजूंस पडली, तर वेगांत सहा दशांश नॉटांची चूक होईल. त्या दोघांतील फरकाच्या ती जवळजवळ दुप्पट आहे. पहिला कोण व दुसरा कोण हेंच मग सांगतां येणार नाहीं.

हें समजल्यावर आमच्या नातवानें त्या दिवसाची नोंद सेकंदासेकंदानें उघडली. ७२ हा आंकडा एकाच सेकंदाचा निघाला. त्याच्या आधींच्या कांहीं सेकंदांची नोंदच नव्हती. तो म्हणाला, "आजोबा, येथें मी पडलों होतों." हात पाण्याखालीं गेल्यावर उपग्रहांचा संदेश तुटला, आणि हात वर येतांच यंत्रानें त्याचें स्थान वीस मीटर दूर दाखविलें. एका सेकंदांत वीस मीटर, म्हणजे ताशीं ७२ किलोमीटर. तो त्या क्षणीं पाण्यांत गटांगळ्या खात होता! दहा सेकंदांची त्याची उत्तम सरासरी ३१ निघाली.

नैयायिकांच्या भाषेंत बोलावयाचें तर यंत्रावरील आंकडा हें प्रत्यक्ष नव्हे, तें अनुमान आहे. आणि हेतु दुष्ट असला कीं अनुमानही दुष्ट होतें. आजकाल घरोघरीं मुलांच्या व वडीलधाऱ्यांच्याही मनगटांवर अशीं यंत्रें दिसतात. पावलें, अंतर, हृदयाचे ठोके, सारें तीं सांगतात. त्यांवर अविश्वास दाखवावा असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु आंकडा कशावरून निघाला हें विचारण्याची संवय मुलांना लावावी, आणि तो आपल्या बाजूचा असेल तेव्हां तर अगत्यानें लावावी.

नातू कांहीं वेळ गप्प बसला. आम्हीं त्यास कांहीं सांगितलें नाहीं. रात्रीं जेवणापूर्वीं त्यानें आपण होऊन मित्रास कळविलें कीं, ७२ खोटे, ३१ खरे, आणि तूंच पुढें आहेस. मित्राचें उत्तर लगेच आलें, "माझीही नोंद एकदां तपासून दे." दुसऱ्या दिवशीं दोघे ती तपासावयास बसले. मित्राचे ३८ दहा सेकंदांच्या सरासरींत ३४ झाले. यंदाच्या हिंवाळ्यांत यंत्र मनगटाऐवजीं दंडावर उंच बांधावयाचें, असें दोघांनीं मिळून ठरविलें आहे.