भंगारातील सुट्या भागांतून शेतवाहनाचे स्टिअरिंग : निवड, जोडणी व तपासणी

द्राक्ष, डाळिंब, अंजीर व भाजीपाला पिकविणाऱ्या शेतकऱ्यांना दोन ओळींतून सहज जाणाऱ्या लहान वाहनाची गरज भासते. क्रेट बाहेर काढणे, शेणखत पसरविणे, फवारणीची टाकी ओढणे ही कामे मोठ्या ट्रॅक्टरने करताना ओळी मोडतात आणि जमीन दबते. बाजारातील लहान ट्रॅक्टर प्रत्येकाला परवडतोच असे नाही. त्यामुळे जुन्या रिक्षाचे इंजिन, जीपचा एक्सल व मोटारीचे स्टिअरिंग एकत्र करून गावच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात वाहन बनवून घेण्याकडे अनेकांचा कल असतो.

असे प्रयत्न कौतुकास्पद ठरल्याची उदाहरणे आहेत. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे (ता. कडेगाव) येथील श्री. दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील भाग वापरून किकने सुरू होणारी छोटी जीप बनविली. डिसेंबर २०२१ मध्ये श्री. आनंद महिंद्र यांनी तिची दखल घेतली व जानेवारी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात लोहार कुटुंबाला नवी बोलेरो मिळाली. गुजरातमधील अमरेली जिल्ह्यातील श्री. मनसुखभाई जगानी यांनी बुलेट मोटारसायकलवर बेतलेले ‘बुलेट सांती’ हे आंतरमशागतीचे यंत्रही सर्वपरिचित आहे. मात्र अशा वाहनात इंजिन बिघडले तर काम थांबते. स्टिअरिंग तुटले तर माणूस जातो. शेतवाहनावर मालासोबत मजूरही बसतात, हे ध्यानात घेऊन या लेखात केवळ स्टिअरिंगचा विचार केला आहे.

भाग कोठून घ्यावेत?

पवना व मुळा नद्यांच्या काठची सांगवी हे एके काळी शेतीचे गाव. आज तिच्याभोवती दापोडी, भोसरी, पिंपरी, आकुर्डी, चिखली ते चाकण असा मोटार उद्योगाचा पट्टा उभा आहे. दापोडीत एस. टी. महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा, पिंपरीत टाटा मोटर्स, आकुर्डीत फोर्स मोटर्स (पूर्वीची बजाज टेम्पो) आणि चाकण परिसरात अनेक कारखाने असल्याने या भागात सुटे भाग व जाणकार कारागीर दोन्ही मिळतात. चिखलीजवळील कुदळवाडी हे भंगार व्यवसायाचे मोठे केंद्र होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने तेथील हजारो पत्राशेड पाडली, त्यामुळे जुन्या पत्त्यावर विसंबून जाण्याऐवजी आधी चौकशी करून जावे.

खरेदी करताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) पावती घ्यावी. चोरीच्या वाहनाचे भाग घेतल्यास त्याचा त्रास घेणाऱ्यालाच होतो.

२) शक्यतो उभे वाहन पाहून भाग निवडावेत. समोरून अपघात झालेल्या वाहनाचे स्टिअरिंग कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. धडकेत आतून ताण बसलेला भाग वरून सरळ दिसतो.

३) संपूर्ण संच एकाच वाहनाचा घ्यावा : स्टिअरिंगचे चाक, कॉलम, बॉक्स, ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, ट्रॅक रॉड, स्टब एक्सल व त्यावरील आर्म. एका गाडीचा बॉक्स व दुसऱ्या गाडीचा ड्रॉप आर्म घेतल्यास दाते जुळल्यासारखे वाटतात, पण पूर्ण पकड बसत नाही.

४) सोडविण्यापूर्वी प्रत्येक जोडावर रंगाची खूण करावी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाकाचे किती फेरे होतात ते मोजून लिहून ठेवावे. मधल्या स्थितीची खूण पुढे जोडणीच्या वेळी उपयोगी पडते.

कोणता प्रकार कोठे चालतो?

भंगारात मुख्यतः दोन प्रकारची स्टिअरिंग मिळतात. पहिला प्रकार रॅक व पिनियनचा. मारुती ८००, ओम्नी, इंडिका व जुनी ॲम्बॅसेडर यांत तो आहे. दुसरा प्रकार बॉक्सचा. प्रीमियर पद्मिनीत वर्म व रोलरचा, तर टाटा सुमो व मालमोटारींत आतून गोळ्या फिरणारा बॉक्स असतो.

वाहनाचा पुढील एक्सल अखंड असून तो पाटा-स्प्रिंगवर बसविला असेल, तर चासीवर रॅक बसवू नये. असा एक्सल खड्ड्यात वरखाली होतो, पण चासीवरील रॅक जागचा हलत नाही. परिणामी चालकाने चाक न फिरविताही पुढची चाके आपोआप वळतात. बांधावरून किंवा सरीतून जाताना हा दोष धोकादायक ठरतो. अखंड एक्सलसाठी बॉक्स, ड्रॉप आर्म व ड्रॅग लिंक ही रचनाच योग्य होय. पाटा-स्प्रिंगचे पक्के टोक ज्या बाजूला असेल, त्याच बाजूला ड्रॉप आर्म यावा. म्हणजे स्प्रिंग व ड्रॅग लिंक यांची टोके जवळपास सारख्याच कमानीत फिरतात.

रॅक वापरायचा असल्यास तो ज्या गाडीचा आहे, तिचीच स्वतंत्र सस्पेन्शनची संपूर्ण पुढची बाजू घ्यावी. केवळ रुंदी जमविण्यासाठी रॅकचा दांडा कापून जोडू नये.

भागांची तपासणी

सर्व भाग डिझेलने धुऊन तारेच्या ब्रशने घासावेत. आर्म, ड्रॉप आर्म व स्टब एक्सल यांवर केशाएवढी चीर असली तरी भाग बाद करावा. चीर शोधण्याची साधी पद्धत अशी : भागावर रॉकेल किंवा डिझेल लावून अर्धा तास ठेवावे, फडक्याने कोरडा पुसावा व वर खडूची बारीक पूड चोळावी. चीर असल्यास आत मुरलेले तेल बाहेर येऊन पांढऱ्या पुडीवर काळपट रेघ उमटते. स्टब एक्सलचा खांदा, म्हणजे जाडी एकदम बदलते ती जागा, विशेष लक्ष देऊन पाहावी. औद्योगिक पट्ट्यात चुंबकीय कणांनी चीर शोधून देणाऱ्या कार्यशाळा असतात. शक्य असल्यास स्टब एक्सल व आर्म तेथून तपासून घ्यावेत.

बॉल जॉइंट म्हणजेच टायरॉड एंड, त्यावरील रबरी टोप्या, किंगपिनचे बुश, चाकांचे बेअरिंग, सर्व नट-बोल्ट व फाट्याच्या पिना मात्र नव्याच घ्याव्यात. यात काटकसर करू नये. बोल्टच्या डोक्यावर किमान ८.८ हा अंक असावा.

वेल्डिंग व वाकविणे टाळावे

स्टिअरिंगचे आर्म घडीव पोलादाचे असून त्यांवर उष्णतेची प्रक्रिया केलेली असते. गॅसच्या ज्योतीने तापवून वाकविल्यास ही प्रक्रिया नष्ट होऊन भाग नरम पडतो. वेल्डिंग केल्यास जोडालगतची पट्टी कडक व ठिसूळ होते आणि तेथेच काही महिन्यांनी चीर जाते. विशेष म्हणजे असा भाग तुटण्यापूर्वी कोणतीही सूचना देत नाही. म्हणून ड्रॉप आर्म, स्टब आर्म, ड्रॅग लिंक व बॉल जॉइंट यांवर वेल्डिंगचा टाकाही मारू नये. लांबी कमी पडत असेल तर योग्य लांबीचा दुसरा भाग शोधावा, किंवा जाड नळीचा ट्रॅक रॉड एका टोकास उजवे व दुसऱ्या टोकास डावे आटे पाडून करून घ्यावा. आट्यांची पकड बोल्टच्या व्यासाच्या किमान दीडपट असावी व दोन्ही टोकांस लॉकनट असावेत.

चाकांच्या कोनांची जुळणी

वळताना आतल्या बाजूचे चाक बाहेरच्या चाकापेक्षा जास्त वळले पाहिजे. दोन्ही सारखीच वळली तर एक चाक घासत जाते, टायर झिजतात व ओल्या जमिनीत वाहन सरळ घसरते. हे साधण्यासाठी मागील एक्सलच्या मध्यबिंदूपासून प्रत्येक किंगपिनपर्यंत सुतळी ताणावी. ट्रॅक रॉड पुढील एक्सलच्या मागे असेल तर त्याचे बॉल जॉइंट या सुतळीच्या रेषेवर यावेत. लांब गाडीचा पुढचा भाग आखूड वाहनाला लावल्यास ही रेषा चुकते. त्यामुळे मूळ गाडीच्या एक्सलमधील अंतर व आपल्या वाहनातील अंतर यांत फार फरक नसावा.

एक उदाहरण पाहू. दोन एक्सलमधील अंतर १८० सें.मी. व दोन किंगपिनमधील अंतर ११० सें.मी. आहे. आतले चाक ३५ अंश वळले तर बाहेरचे सुमारे २६ अंश वळावयास हवे. अशा वेळी बाहेरच्या चाकाची वळण-त्रिज्या सुमारे ४.१ मीटर व मागील एक्सलच्या मध्याची सुमारे ३.१ मीटर येते. म्हणजे पूर्ण फेरा घेताना वाहन सुमारे ६.२ मीटर बाजूला सरकते. द्राक्षाच्या ओळी ९ फुटांवर (२.७ मीटर) असतील, तर शेजारच्या पट्ट्यात एका दमात वळता येणार नाही, मधले दोन पट्टे सोडून तिसऱ्यात शिरावे लागेल. ओळींच्या टोकाला बांधापर्यंत सुमारे ५ मीटर मोकळी जागाही हवी. वाहनाची लांबी ठरविण्यापूर्वी आपल्या बागेत हे मोजून पाहावे.

किंगपिनचे वरचे टोक किंचित मागे झुकलेले असावे, म्हणजे वळणानंतर चाके आपोआप सरळ होतात. एक्सल उलटा बसविला गेल्यास हा झुकाव पुढे होतो व वाहन सरळ चालत नाही. ट्रॅक रॉडने दोन्ही चाकांची पुढची कड मागच्या कडेपेक्षा साधारण २ ते ४ मि.मी. जवळ ठेवावी.

बसविताना घ्यावयाची काळजी

१) बॉक्स उलटा बसविला, किंवा मूळ गाडीत एक्सलच्या पुढे असलेला रॅक मागे घेतला, तर चाक डावीकडे फिरविल्यावर वाहन उजवीकडे वळते. पक्के करण्यापूर्वी पुढची बाजू जॅकवर उचलून दिशा तपासावी.

२) बॉक्स साध्या चासी-पट्टीवर न बसविता तेथे जाड प्लेट जोडावी. चासी पोकळ असल्यास बोल्टसाठी आतून नळीचे तुकडे घालावेत, नाहीतर पत्रा दबून बोल्ट ढिले होतात.

३) चाके पूर्ण वळल्यावर एक्सलवरील स्टॉपर आधी टेकला पाहिजे. बॉक्सच्या आतील टोक आधी टेकल्यास बॉक्स फुटू शकतो.

४) कॉलम सरळ चालकाच्या छातीच्या रेषेत नसावा. दोन युनिव्हर्सल जॉइंट घालून तो कोनात घ्यावा. दात्यांवरचा कसणी बोल्ट खाचेतून आरपार गेला आहे याची खात्री करावी.

५) प्रत्येक बॉल जॉइंटच्या खाचेच्या नटात फाट्याची पिन घालावी.

६) बॉक्समध्ये ग्रीस न भरता ९० नंबरचे गिअर ऑइल घालावे. ग्रीस एकदा बाजूला सरले की पुन्हा दात्यांकडे येत नाही.

माल व वजन

मागे जास्त माल भरल्यास पुढची बाजू हलकी होऊन उत्तम स्टिअरिंगही निकामी ठरते. पुढील चाकांवर एकूण वजनाच्या किमान २० टक्के भार राहावा, हा ट्रॅक्टरसाठी पाळला जाणारा ठोकताळा येथेही उपयोगी आहे. भरलेले वाहन वजनकाट्यावर नेऊन आधी पूर्ण व नंतर केवळ पुढची चाके काट्यावर ठेवून वजन करावे. भार कमी आढळल्यास माल पुढे सरकवावा किंवा कमी करावा. वाहन वजनकाट्यापर्यंत चालवत न नेता दुसऱ्या वाहनावर लादून न्यावे. त्याचे कारण पुढे दिले आहे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविता येत नाही. कलम ५२ नुसार नोंदणीकृत वाहनात उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करण्यास मनाई आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. जनतेला जाण्या-येण्याचा हक्क असलेली वाट कायद्याने सार्वजनिक ठिकाण ठरते, म्हणजे गावचा पाणंद रस्ताही त्यात येतो. नोंदणी नाही म्हणून विमा नाही आणि विमा नसताना अपघात झाल्यास भरपाई मालकाच्या अंगावर येते. म्हणून असे वाहन आपल्या शेताच्या हद्दीतच वापरावे. नवे वाहन बनवून विकायचे असल्यास पुण्यातील ए. आर. ए. आय. किंवा भोसरीतील सी. आय. आर. टी. यांसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी करून घेणे आवश्यक ठरते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ प्रमाणे स्टिअरिंगच्या चाकातील मोकळी चाल ३० अंशांपेक्षा जास्त नसावी, बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट-पिना पक्क्या अडकविलेल्या असाव्यात. वाहन शेतातच वापरायचे असले तरी हा नियम पाळावा. ३८ सें.मी. व्यासाच्या चाकाच्या कडेवर ३० अंश म्हणजे सुमारे १० सें.मी. होतात. ही अगदी शेवटची मर्यादा आहे. नव्याने बसविलेल्या स्टिअरिंगमध्ये चाल याहून बरीच कमी असली पाहिजे.

नियमित तपासणी

रोज वाहन सुरू करण्यापूर्वी एकाने चाक डावी-उजवीकडे हलवावे व दुसऱ्याने खाली वाकून प्रत्येक जोड पाहावा. या कामास दोन मिनिटे पुरतात. जोडणीनंतर पहिल्या १० तासांच्या कामानंतर सर्व बोल्ट पुन्हा कसावेत. दर ५० तासांनी ग्रीस भरावे. वाहन एकदम एका बाजूला ओढू लागले, चाक थरथरू लागले किंवा मोकळी चाल वाढली, तर माल उतरवून वाहन जागीच उभे करावे व दोष सापडेपर्यंत चालवू नये. बॉल जॉइंट बदलणे हे एका सकाळचे काम आहे. काढणीच्या घाईत तो तसाच ठेवून मजुरांना वाहनावर बसवू नये.