युद्ध संपले, चोपन्न घरांतील प्रतीक्षा संपली नाही

दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै या दोन दिवशी दिल्ली आणि इस्लामाबाद येथे एक ठरलेला सोपस्कार पार पडतो. दोन्ही देश आपापल्या तुरुंगांत असलेल्या परस्परांच्या कैद्यांच्या याद्या एकमेकांच्या स्वाधीन करतात. २००८ मध्ये झालेल्या करारानुसार ही देवाणघेवाण होते. आपल्याकडे पालघर-डहाणूच्या किनाऱ्यावरील खलाशांच्या घरांत या यादीकडे डोळे लागलेले असतात. कारण गुजरातच्या नौकांवर कामाला गेलेली त्यांची माणसे त्या यादीत सापडण्याची शक्यता असते. त्या दिवशी परराष्ट्र मंत्रालय जे पत्रक काढते, त्यात मच्छीमार, त्यांच्या नौका आणि नागरी कैदी यांच्या सुटकेच्या मागणीबरोबरच आणखी दोन-तीन शब्द असतात : 'बेपत्ता भारतीय संरक्षण कर्मचारी'. वाचणाऱ्याची नजर त्यांवरून सहज घसरून जाते. त्या शब्दांत अर्ध्या शतकाहून अधिक काळ चाललेला एक शोध दडलेला आहे.

१९७१ चे युद्ध ३ डिसेंबरला सुरू झाले आणि १६ डिसेंबरला ढाक्यातील शरणागतीने त्याचा निकाल लागला. सुमारे ९३ हजार पाकिस्तानी सैनिक व नागरिक भारताच्या ताब्यात आले. पश्चिम आघाडीवर पाकिस्ताननेही आपले सैनिक पकडले होते. २ जुलै १९७२ रोजी सिमला करार झाला आणि १ डिसेंबर १९७२ रोजी पश्चिम आघाडीवरील युद्धकैद्यांची अदलाबदल झाली. सहाशेहून अधिक भारतीय सैनिक वाघा सीमेवरून चालत मायदेशी आले. परतणाऱ्यांमध्ये दिलीप परुळकर होते. रावळपिंडीच्या छावणीतून ऑगस्ट १९७२ मध्ये दोन सहकाऱ्यांसह निसटून अफगाण सरहद्दीच्या तोंडाशी, लंडी कोतल येथे पुन्हा पकडले गेलेले हे वैमानिक. त्यांची कहाणी महाराष्ट्राने कौतुकाने ऐकली. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

मात्र ज्यांची नावे त्या दिवशी पुकारली गेली नाहीत, त्यांत फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे होते. ५ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानातील शोरकोट येथील विमानतळावर हल्ला करताना त्यांचे सुखोई विमान पडले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या राष्ट्रीय विजेत्या बॅडमिंटनपटू आणि १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झाले होते. त्याच महिन्यात 'संडे पाकिस्तान ऑब्झर्व्हर' या वृत्तपत्राने काही भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याचे वृत्त दिले. त्यात 'फ्लाइट लेफ्टनंट टॉम्बे' असे एक नाव होते. भारतीय हवाई दलात त्या नावाचा कोणी अधिकारी नव्हता, तांबे होते. एका मराठी आडनावाच्या चुकलेल्या अक्षरावर एका स्त्रीने पुढचे सारे आयुष्य उभे केले. त्यांनी पुनर्विवाह केला नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडा विभागात नोकरी केली आणि मंत्रालयांचे उंबरठे झिजवले.

पुरावे आणि त्यांचे वजन

'बेपत्ता चोपन्न' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात पुरावा म्हणून जे पुढे येते, ते नीट पाहिले पाहिजे. कारण येथे आशा आणि पुरावा यांची सरमिसळ फार लवकर होते.

मेजर अशोक सुरी यांच्याबाबतचा पुरावा सर्वांत ठोस. युद्धात मृत्यू पावल्याची त्यांची नोंद झालेली होती. डिसेंबर १९७४ मध्ये त्यांचे वडील डॉ. आर. एस. सुरी यांना पाकिस्तानातून एक पाकीट आले. त्यात मुलाच्या हस्ताक्षरातील, आपण ठीक असल्याचे सांगणारी चिठ्ठी होती. पुढच्या वर्षी कराचीहून दुसरे पत्र आले. आपल्यासोबत आणखी वीस अधिकारी असल्याचे त्यात लिहिले होते. संरक्षण खात्याने अक्षर तपासून घेतले, ते मेजर सुरी यांचेच असल्याचे मान्य केले आणि त्यांची नोंद 'मृत' वरून 'बेपत्ता' अशी बदलली. एखाद्या सरकारने मृत माणसाला कागदावर पुन्हा संशयाचा फायदा द्यावा, असे क्वचितच घडते. डॉ. सुरी यांनी नातेवाइकांची संघटना उभारली, देशभरातील कुटुंबे जोडली आणि १९९९ मध्ये मुलाची वाट पाहतच ते गेले.

दुसरा पुरावा छायाचित्राचा. 'टाइम' साप्ताहिकाच्या २७ डिसेंबर १९७१ च्या अंकात गजांआडून पाहणाऱ्या एका भारतीय कैद्याचा चेहरा छापून आला. तो मेजर ए. के. घोष यांचा असल्याचे त्यांच्या कुटुंबीयांनी ओळखले. मेजर घोष परतले नाहीत. तिसरा उल्लेख ब्रिटिश लेखिका व्हिक्टोरिया स्कोफिल्ड यांच्या भुट्टो खटल्यावरील पुस्तकात आहे. लाहोरच्या कोट लखपत तुरुंगात असताना भुट्टो यांना रात्री भिंतीपलीकडून किंकाळ्या ऐकू येत आणि त्या १९७१ च्या युद्धातील भारतीय कैद्यांच्या असल्याचे त्यांना कळले, असे त्या लिहितात. याखेरीज हेरगिरीच्या आरोपाखाली पाकिस्तानी तुरुंगांत वर्षे काढून सुटलेल्या मोहनलाल भास्कर यांच्यासारख्यांनी तेथे भारतीय लष्करी अधिकारी असल्याचे सांगितले.

या सर्वांचे वजन सारखे नाही. ऐकीव किंकाळी न्यायालयात टिकत नाही. छळातून आलेल्या माणसाची स्मृती नावे आणि वर्षे यांची गल्लत करू शकते. चोपन्नांपैकी काहीजण विमान कोसळतानाच किंवा पकडल्यावर लगेच मरण पावले असण्याचीही शक्यता आहे. परंतु एका प्रकरणात अक्षर सरकारनेच ओळखले असताना, बाकीची प्रकरणे केवळ नातेवाइकांचा भाबडेपणा म्हणून बाजूला सारता येत नाहीत. पाकिस्तानची अधिकृत भूमिका अशी आहे : १९७१ चा एकही युद्धकैदी आमच्या ताब्यात नाही.

भारत सरकारने ही नावे संसदेत मांडली ती १९७९ मध्ये. परराष्ट्र राज्यमंत्री समरेंद्र कुंडू यांनी लोकसभेत दिलेल्या उत्तरात पाकिस्तानी तुरुंगांत असल्याचे मानल्या जाणाऱ्या ४० जणांची यादी होती. पुढे ती ५४ वर गेली आणि इतर काळातील प्रकरणे धरून सरकार आता ८३ हा आकडा सांगते. १९७९ पर्यंत ९३ हजार पाकिस्तानी कैदी कधीच परत गेले होते. एप्रिल १९७४ मध्ये ते काम पूर्ण झाले होते. घासाघीस करण्याजोगे जे काही भारताच्या हाती होते, ते गेल्यानंतर यादी आली, ही या प्रकरणातील सर्वांत बोचणारी गोष्ट आहे. ९३ हजार माणसे हाती असताना शंभरहूनही कमी नावांचा काटेकोर हिशेब का मागितला गेला नाही, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही सरकारने दिलेले नाही.

तुरुंगाच्या दारापर्यंत

युद्धकैद्यांसंबंधीचा १९४९ चा जिनिव्हा करार या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. कैदी छावणीत पोहोचल्यापासून आठवड्याच्या आत त्याला घरी व रेडक्रॉसच्या शोधयंत्रणेला आपली खबर देणारे कार्ड पाठविण्याची मुभा हवी. लढाई थांबताच विनाविलंब त्याची सुटका हवी. पण सारी भिस्त कैद्याचे नाव नोंदविले जाण्यावर असते. ज्याचे नाव पहिल्याच दिवशी नोंदवहीत चढले नाही, तो रेडक्रॉसच्या लेखी अस्तित्वातच येत नाही.

नातेवाइकांना पाकिस्तानी तुरुंग पाहण्याची संधी दोनदा मिळाली. १९८३ मध्ये सहाजण मुलतानला जाऊन आले. त्यानंतर जून २००७ मध्ये चौदा नातेवाईक पाकिस्तानात दोन आठवडे फिरले. पतीला, भावाला शेवटचे पाहून छत्तीस वर्षे झालेली. पंचविशीतला चेहरा मनात आणि समोर उभे केले जातील ते साठीचे म्हातारे, तेही कदाचित स्वतःचे नाव विसरलेले. अशा स्थितीत ओळख पटवायची कशी? जुने दफ्तर उर्दूत, वेळ मोजका, बरोबर यजमान देशाचे अधिकारी. कोणी सापडले नाही. पाकिस्तानने याचा अर्थ 'कोणी नव्हतेच' असा लावला. नातेवाइकांनी तो 'दाखवले नाही' असा लावला.

मग आंतरराष्ट्रीय न्यायालयात का जात नाही, असे वाचक विचारतील. कुलभूषण जाधव यांच्यासाठी भारत हेगला गेला आणि १७ जुलै २०१९ रोजी बऱ्याच अंशी जिंकला, हे सर्वांच्या स्मरणात आहे. फरक बारीक, पण निर्णायक आहे. वकिलातीच्या संपर्काविषयीच्या व्हिएन्ना कराराला जोडलेल्या मसुद्यात वाद थेट हेगला नेण्याची तरतूद होती आणि दोन्ही देशांनी ती मान्य केलेली होती. १९४९ च्या जिनिव्हा करारांत तशी तरतूद नाही. त्याशिवाय राष्ट्रकुलातील देशांबरोबरचे वाद आपण हेगच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. कच्छ सीमेवर १९९९ मध्ये पाडलेल्या पाकिस्तानी विमानाचा दावा भारताने २००० मध्ये याच मुद्द्यावर फेटाळून घेतला होता. तीच ढाल आता या कुटुंबांच्या वाटेत आडवी येते. गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर २०११ मध्ये केंद्राला हेगला जाण्याचा आदेश दिला, तेव्हा केंद्र सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१२ मध्ये त्या आदेशाला स्थगिती मिळाली. सिमला करारानुसार वाद द्विपक्षीय मार्गानेच सुटावेत, ही सरकारची त्यामागची भूमिका.

कायद्याने मृत, घरात जिवंत

सर्वसामान्य बेपत्ता माणसासाठी कायद्याने एक मुदत घालून दिली आहे. ज्यांना स्वाभाविकपणे खबर मिळायला हवी, अशा माणसांना सात वर्षे काहीही कळले नाही, तर ती व्यक्ती जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसा दावा करणाऱ्यावर येते. १८७२ च्या पुरावा कायद्यातील १०८ वे कलम आज भारतीय साक्ष अधिनियमाचे १११ वे कलम झाले आहे; मुदत तीच. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या एका खटल्यात आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. सात वर्षांनंतर मृत्यू गृहीत धरता येतो. पण तो कोणत्या तारखेला झाला, हे गृहीत धरता येत नाही. म्हणजे माणूस हरवल्यानंतर विम्याचे हप्ते थांबवले, तर पुढे दावा अडचणीत येऊ शकतो. लोकलमधून घरी न परतलेल्या मुंबईकराच्या पत्नीला हे कोणी सांगत नाही.

सैनिकाच्या बाबतीत सरकार मृत्यू बरेच लवकर गृहीत धरते. त्यामुळे पत्नीला निवृत्तिवेतन मिळते, घर चालते. हा आधार नाकारणे शहाणपणाचे नाही. परंतु त्या पैशासाठी ज्या कागदावर सही करायची, त्यावर पतीच्या नावापुढे 'मृत' असे लिहिलेले असते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाममध्ये बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करून या अवस्थेला एक नाव दिले. मराठीत त्याला 'संदिग्ध वियोग' म्हणता येईल. माणूस देहाने नाही. पण मनातून गेलेला नाही. अंत्यसंस्कार नाही, दिवस नाहीत, श्राद्धाची तिथी नाही. कुंकू लावायचे की पुसायचे, हा प्रश्न आपल्याकडे त्या काळी केवळ खासगी नव्हता. नातेवाईक, शेजारी, सारेच त्यावर मत देत. बॉस यांचे म्हणणे असे, की अशा कुटुंबांना 'आता विसरा' म्हणणे क्रूरपणाचे आहे आणि निरुपयोगीही. दोष त्यांच्या मनाचा नसून परिस्थितीचा असतो.

त्याच व्हिएतनामचा दाखला दुसऱ्या अर्थानेही उपयोगी आहे. १९७३ मध्ये २,६४६ अमेरिकनांचा पत्ता लागलेला नव्हता. तेव्हापासून हजाराहून अधिक जणांची ओळख पटली. काल ज्यांच्यावर बाँब टाकले, त्यांच्याच मदतीने अमेरिकी पथके भातखाचरांत विमानांचे अवशेष उकरीत राहिली आणि हाडांच्या तुकड्यांवरून डीएनए जुळवीत राहिली. सायप्रसमध्येही ग्रीक आणि तुर्की समाजांनी एकत्र येऊन २,००२ बेपत्तांपैकी निम्म्याहून अधिकांची ओळख पटवली आहे. आपल्याकडे मात्र चोपन्नांची चर्चा आजही 'तुरुंगात कोण आहे' या एकाच प्रश्नाभोवती फिरते. विमान पडले ती जागा, स्थानिक दफनभूमी, १९७१ च्या पोलीस ठाण्यांतील नोंदी यांची दोघांनी मिळून पाहणी करण्याचा विषय निघतच नाही. 'दीवार' आणि '१९७१' या चित्रपटांनी कुंपण ओलांडून पळणारे कैदी दाखविले. प्रेक्षकांना ते आवडलेही. पण या घरांतील खरी लढाई फायलींशी आहे.

अवशेष उद्या सापडले, तर ते जुळवायचे कशाशी, हाही प्रश्न आहेच. आई, भावंडे, मुले यांचे रक्ताचे नमुने त्यासाठी लागतात. चोपन्नांपैकी बहुतेकांचे आईवडील गेले. पत्नी पंचाहत्तरी ओलांडलेल्या आहेत आणि मुले वडिलांच्या तेव्हाच्या वयाच्या दुप्पट झाली आहेत. बेपत्ता व्यक्ती आणि बेवारस मृतदेह यांच्या डीएनए नोंदींसाठी स्वतंत्र सूची ठेवण्याची तरतूद २०१९ च्या डीएनए तंत्रज्ञान विधेयकात होती. ते विधेयक जुलै २०२३ मध्ये लोकसभेतून मागे घेण्यात आले. सैन्यातील बेपत्तांच्या नातेवाइकांचे नमुने जतन करायला मात्र कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. तेवढे काम संरक्षण मंत्रालयाला आपल्या अखत्यारीत करता येईल आणि त्यासाठी इस्लामाबादची संमतीही लागत नाही.