मुरूम जातात, वण राहतात

मुरूम हे आमच्या उमरगा तालुक्यातल्या एका गावाचे नाव. कच्च्या रस्त्यावर पसरतात तोही मुरूम, आणि सोळाव्या-सतराव्या वर्षी गालावर उगवतो तोही मुरूमच. पहिल्या दोघांपायी कोणाच्या घरात रडारड झाल्याचे ऐकिवात नाही. तिसऱ्यापायी मात्र मुली आरशाकडे पाठ करून केस विंचरतात, आणि मुलगे कॉलेजच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत जाऊन उभे राहतात.

आमच्या लहानपणी चेहऱ्यावरचे खड्डे म्हणजे देवीचे वण. तुळजापूरच्या भवानीच्या या मुलखात ‘देवी’ शब्दाला दोन अर्थ होते. एक डोंगरावरची आई, दुसरी अंगावर उमटणारी. प्रत्येक गल्लीत वणाचे चार-दोन चेहरे असायचेच. त्या माणसांनी शेती केली, लग्ने केली, पंचायतीत भांडणे केली. वण घालवावेत असे कोणाच्या डोक्यात आले नाही, कारण जीव वाचला हेच पुष्कळ होते. लस टोचणारा शाळेत आला की आम्ही मागच्या भिंतीवरून उड्या टाकायचो. दुहेरी टोकाच्या सुईने दंडावर एकाच जागी पंधरा टोचे! भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली नोंदला गेला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने जगातून देवी गेल्याचे जाहीर केले. वणाचे चेहरे हळूहळू विरळ झाले. त्यामुळेच आज मुरमांचे खड्डे असलेली मुलगी वर्गात एकटी पडते. शिवाय हातातला मोबाइल प्रत्येकाचा फोटो परस्पर गुळगुळीत करून देतो, मग खरा चेहराच खोटा वाटू लागतो.

आता त्याच चेहऱ्यावर पुन्हा सुया आल्या आहेत. ‘मायक्रोनीडलिंग’ हा शब्द धाराशिवच्या चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. सुरुवातीला यासाठी बारीक सुयांचे छोटे रूळ वापरत, त्याला डर्मारोलर म्हणत. आता पेनासारखे विजेवर चालणारे यंत्रही असते. कल्पना सोपी आहे. मुरूम खोलवर सुजला की त्वचेला आतून धरून ठेवणारे कोलॅजन तिथे नष्ट होते आणि वरची कातडी खचते. विहिरीचे आतले बांधकाम ढासळले की काठ बसतो, तशी. वरून हळद लावा, बेसन लावा, काठ भरत नाही. सुयांनी दीड-एक मिलिमीटर खोल असंख्य बारीक छिद्रे पाडली की शरीर त्या जागी डागडुजीला लागते आणि नवे कोलॅजन तयार करते. आधी पाऊण-एक तास बधिर करणारे मलम लावतात. रक्ताचे बारीक ठिपके येतात, दोन-तीन दिवस चेहरा उन्हात करपल्यासारखा लाल राहतो. अशा बैठका चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने, सहसा तीन ते सहा. आतले काम शेवटच्या बैठकीनंतरही काही महिने चालू राहते.

यातच घाईची माणसे फसतात. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ कळंब तालुक्यातले, मुलीचा साखरपुडा दोन महिन्यांवर आलेला. तिला घेऊन ते सोलापूरला त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले, मलाही बरोबर नेले. “डॉक्टरीणबाई, साखरपुड्यापर्यंत चेहरा साफ व्हायला पाहिजे बघा. पैशाचं काय असंल ते सांगा.” बाईंनी मुलीचा गाल उजेडात तिरका धरून पाहिला आणि सुया लावायला चक्क नकार दिला. ताजे मुरूम अजून येत होते. पिकलेल्या मुरमांवरून सुया फिरवल्या तर संसर्ग पसरतो. आधी मुरूम थांबवायचे, मग खड्ड्यांचे बघायचे. खोदून विचारल्यावर कळले, की मुलगी वर्षभर औषधाच्या दुकानातून कोणीतरी सुचवलेले गोरे करणारे मलम लावत होती. त्यात स्टेरॉइड होते. त्यानेही मुरूम वाढतात. अशी बरीच मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम २०१८ साली झाला आहे. पण नियम दिल्लीत होतो आणि मलम गल्लीत मिळते.

परतीच्या वाटेवर गृहस्थ गाडीत फणफणत होते, “पैसे द्यायला तयार असून नाही म्हणती, ही कसली डॉक्टर?” बँकेत मी अशी गिऱ्हाइके फार पाहिली. कर्ज नाकारणाऱ्या अधिकाऱ्यावर चिडायचे, आणि न विचारता देणाऱ्या सावकाराला साहेब म्हणायचे. गावोगावच्या पार्लरमध्ये ‘एका बैठकीत खड्डे गायब’ म्हणणारे आहेतच. सुया नव्या आहेत का, इतके तरी तिथे विचारावे. एकाच्या रक्ताला लागलेला रूळ दुसऱ्याच्या गालावर फिरणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

आणि खड्डे गायब होत नाहीत. श्रीनगरचे डॉ. इम्रान माजिद यांनी २००९ साली आपल्या रुग्णांचा जो हिशेब मांडला, त्यात पूर्ण उपचार घेतलेल्या ३६ जणांपैकी ३४ जणांचे वण एक किंवा दोन पायऱ्यांनी कमी झाले होते. आकडा चांगलाच आहे, पण ‘पायरी’ हा शब्द वाचा. गंभीर होते ते मध्यम झाले, मध्यम होते ते सौम्य. उथळ, लाटांसारखे पसरट खड्डे चांगले भरतात. सुई खुपसल्यासारखे अरुंद, खोल असतात ते फारसे दाद देत नाहीत. त्यांना तीव्र आम्लाचा ठिपका किंवा बारीक शस्त्रक्रिया असे वेगळे उपाय करावे लागतात. आपल्या सावळ्या कातडीला लेझरने काळे डाग पडण्याची भीती जास्त, त्या मानाने सुया बऱ्या. तरी उन्हाचे मलम न लावता मे महिन्यात एसटीच्या खिडकीशी बसणारीला डाग पडू शकतात. ज्यांच्या जखमेवर जाड गाठीसारखा वण धरतो, त्यांनी आधीच तसे सांगावे. खर्च विचारताना एका बैठकीचा न विचारता सगळ्यांचा मिळून विचारावा. सौंदर्याचे उपचार आरोग्य विम्यात सहसा बसत नाहीत.

कळंबच्या त्या मुलीचा साखरपुडा झालाच नाही; देण्याघेण्यावरून बोलणी फिसकटली, चेहऱ्याचा विषयही निघाला नव्हता. तिने मात्र औषध नेटाने घेतले. मुरूम थांबायला सात-आठ महिने गेले, मग चार बैठका झाल्या. गालांवरचे उथळ खड्डे बरेच भरले आहेत. कानशिलाजवळचे खोल तसेच आहेत, दुपारच्या तिरप्या उन्हात दिसतात. स्थळे पुन्हा येऊ लागली आहेत. बायोडाटाला लावायचा फोटो तिने मोबाइलमधून गुळगुळीत न करता दिला. वडिलांनी तो दोनदा परत केला, तिने तिसऱ्यांदा तोच दिला.