कापलेल्या रकमेचा कागद

बँकेच्या नोकरीत मी आयुष्यभर लोकांचे कागद वाचले. ताळेबंद, गहाणखतं, सातबाराचे उतारे, मृत्युपत्रं. आजही आमच्या सोसायटीत कुणाकडे न कळणारा लखोटा आला, की तो माझ्या टेबलावर येतो. त्यामुळे विमा कंपनीकडून आलेलं दोन पानी पत्र मी तीनदा वाचलं आणि मला ते कळलं नाही, हे बायकोसमोर कबूल करायला मला आठवडा लागला.

झालं ते असं. पावसाळ्यात ती जिन्यावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. पुण्यातल्या एका इस्पितळात शस्त्रक्रिया झाली, आत प्लेट बसवली, पाच दिवसांनी घरी सोडलं. बिल झालं २,१२,००० रुपये. पॉलिसी तीन लाखांची, शिवाय कॅशलेस. पैशांची काळजी करू नकोस, असं मी मुलाला फोनवर ऐटीत सांगून टाकलं होतं. डिस्चार्जच्या दिवशी खिडकीतली मुलगी म्हणाली, "काका, कंपनीनं १,२३,००० मंजूर केलेत. बाकीचे ८९,००० तुम्हाला भरायचे आहेत." बायको चाकाच्या खुर्चीत बसलेली, बाहेर गाडी उभी. अशा वेळी माणूस वाद घालत नाही, कार्ड काढतो.

मग ते पत्र आलं. एकीकडे मागितलेली रक्कम, मध्ये कापलेली, शेवटी दिलेली, आणि अगदी कडेला बारीक अक्षरात कारण. कारणं दोनच होती. पहिलं, 'नॉन-मेडिकल आयटेम्स', ७,००० रुपये. हातमोजे, डायपर, नोंदणीची फी असल्या वस्तू आणि खर्च यात येतात. विमा नियामकानं त्यांच्या याद्याच करून ठेवल्या आहेत. त्याबद्दल तक्रार नाही.

दुसरं कारण होतं 'प्रपोर्शनेट डिडक्शन', ८२,००० रुपये. इथे मी अडलो.

पॉलिसीची पुस्तिका कपाटातून काढली. बारीक टाइपातलं एक कलम सापडलं: खोलीचं भाडं दिवसाला विमा रकमेच्या एक टक्का. तीन लाखांचा एक टक्का म्हणजे ३,०००. आमची खोली होती ५,००० ची. ती मीच निवडली होती, कारण खिडकीतून गुलमोहर दिसत होता. दिवसाला दोन हजार जास्त, पाच दिवसांचे दहा हजार. ते खिशातून जातील एवढं मी धरूनच चाललो होतो. पण कलमाचं पुढचं वाक्य मी कधी वाचलंच नव्हतं. मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली, तर नुसतं भाडंच नव्हे, बाकीचा खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो. पाचातले तीन, म्हणजे साठ टक्के. २,१२,००० तून सात हजार वजा केले की राहतात २,०५,०००. त्याचे साठ टक्के १,२३,०००. हिशेब पैशाला जुळला, आणि क्षणभर मला एखादी जुनी एन्ट्री सापडल्याचा आनंदही झाला. सवय जात नाही.

या कलमामागे तर्क नाही असं मात्र नाही. आपल्याकडे बऱ्याच इस्पितळांत खोलीच्या वर्गानुसार सगळेच दर बदलतात. तोच सर्जन, तेच टेबल, तीच भूल. पण रोगी स्वतंत्र खोलीतला असेल तर फी वेगळी आणि जनरल वॉर्डातला असेल तर वेगळी. खोलीबरोबर वाढलेल्या या फिया कंपनीनं का सोसाव्यात, असं ती विचारते. ठीक आहे. पण औषधाच्या बाटलीला गुलमोहर दिसतो की नाही, यानं काय फरक पडतो? बाटलीवरची छापील किंमत तीच. आतली प्लेटही तीच.

हाच प्रश्न नियामकालाही पडला असावा. २०२० साली त्यानं ठरवून दिलं की ही प्रमाणशीर कपात औषधं व वापरून टाकायचं साहित्य, शरीरात बसवायची उपकरणं आणि तपासण्या यांना लावायची नाही. अतिदक्षता विभागाच्या भाड्यालाही नाही. आणि ज्या इस्पितळात खोलीनुसार दर बदलतच नाहीत, तिथे तर मुळीच नाही. मी पुस्तिकेची नवी पानं पाहिली. नूतनीकरणाबरोबर आलेल्या कागदांत हे वाक्य छापलेलं होतं. कंपनी आपलंच पान वाचायला विसरली होती.

पेन्सिल घेऊन बसलो. भाडं २५,०००. डॉक्टरांच्या फिया आणि शस्त्रक्रियागृह मिळून ८५,०००. या दोन्हींना कपात लागू, म्हणून ६६,००० मिळणार. प्लेट ५५,०००, औषधं २८,०००, तपासण्या १२,००० असे ९५,००० मात्र पूर्ण मिळायला हवेत. एकूण १,६१,०००. कंपनीनं दिले १,२३,०००. फरक ३८,०००.

राहिलेले ४४,००० माझ्या पदरात, आणि ते न्याय्यच. पाच दिवसांनी भागले तर दिवसाला ८,८००. दोन हजारांचा समजलेला गुलमोहर एवढ्याला पडला. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, मी तर त्या खिडकीकडे पाठ करून झोपले होते."

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एक पानी पत्र लिहिलं. रागाचा एकही शब्द घातला नाही. वरचा हिशेब, कलमाचा क्रमांक आणि इस्पितळाच्या तपशीलवार बिलाची प्रत. (हे तपशीलवार बिल डिस्चार्जच्या वेळीच मागून घ्यावं. नुसत्या एकूण आकड्यावर भांडता येत नाही.) महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. पुण्यातही त्यांचं कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीनं नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. माझ्यावर ती वेळ आली नाही. पाचव्या आठवड्यात खात्यात ३८,००० जमा झाले. पत्र नाही, दिलगिरी नाही. पासबुकातली एक ओळ.

आता जरा अवघड भाग. २००० नंतर बँकांनी विमा विकायला सुरुवात केली, तेव्हा आमच्या शाखेत ते काम माझ्याकडे होतं. मार्चअखेरीला टार्गेटला एक पॉलिसी कमी पडत होती, म्हणून ही मी स्वतःलाच विकली होती. त्याआधी बऱ्याच जणांना विकल्या. "तीन लाखांचं कव्हर आहे," एवढंच सांगायचो. खोलीच्या भाड्याचं कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मला माहीतच नव्हतं, असंही म्हणता येईल. पण माहीत असायला हवं होतं.

त्यांतले एक निवृत्त शिक्षक निवृत्तीच्या आधीच्या वर्षी असंच पत्र घेऊन माझ्या टेबलाशी आले होते. मी चष्मा वर करून ते पाहिलं, मागचं पान उलटलं, बारीक अक्षरांवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "गुरुजी, नियमात आहे हो." गुरुजींनी पत्राची घडी केली. "तुम्ही पाहिलंत, म्हणजे बरोबरच असणार," म्हणाले, आणि चहा न घेता गेले.

पैसे जमा झाल्याच्या संध्याकाळी त्यांना फोन केला. आता ऐंशी ओलांडलीय, पण आवाज खणखणीत. पॉलिसी अजून तीच आहे, दर वर्षी न चुकता हप्ता भरतात. मी म्हटलं, "गुरुजी, पुस्तिका काढा आणि खोलीच्या भाड्यापुढे काय लिहिलंय ते वाचा." बराच वेळ कागदांची सळसळ ऐकू आली.

"एक टक्का," ते म्हणाले.

"नूतनीकरण कधी आहे?"

"पुढल्या महिन्याच्या नऊ तारखेला."

"त्याआधी मी घरी येतो. ही मर्यादा काढून मिळते का ते विचारू. आणि गुरुजी, ते जुनं पत्र काढून ठेवा, एकदा नीट बघतो."

"ते कशाला ठेवीन?" गुरुजी म्हणाले. "त्याच दिवशी फाडलं. तुम्ही बघितलं होतंत ना."